डेराभर पाणी

त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी डेराभर पाणी घुसळत होते, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांनी अंगावर पिणारं पोर, चूल, जनावरं आणि सासू ही कामं एकदा दोन हातांनी उरकून दाखवावीत. (सासू हे काम आहे की नाही, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.)

आमचं गाव देवगाव फाट्यापासून बरंच आत. मालक येलदरीला धरणाच्या कामावर गेलेले, सासरे दिवस उगवायच्या आत शेतात. घरी सासूबाई, म्हणजे माझ्या आत्या, लग्नाला आलेली नणंद कौसा, मी आणि माझा भानुदास. हा भानुदास दिवसा रडायचा आणि रात्री त्याची उजळणी करायचा. झोळीला झोका दिला तर गप्प, हात काढला की गल्ली जागी! आत्या म्हणायच्या, पोराला धर. लगेच म्हणायच्या, ताक अजून झालं न्हाई का. दोन्ही वाक्यं एका श्वासात.

मग मी शोध लावला. झोळी माळवदाच्या तुळईला टांगलेली होतीच. तिला एक बारीक दोरी बांधली आणि दुसरं टोक रवीच्या दोरीला अडकवलं. उजवा हात ओढला की झोळी इकडे, डावा ओढला की तिकडे. रवी घुमायची, लोणी यायचं, पोर झोपायचं. लेकुरवाळ्या बायांना फुकट सांगते, दोरी जरा ढिली ठेवावी आणि गाठ सुटती मारावी. नाहीतर जोर लावला की लेकरू ताकात डोकावून जातं. (एकदाच डोकावलं. हसत होतं.)

सगळं सुरळीत चाललं आणि चैत्रात म्हैस आटली. आता घुसळायला काही नाही. पण भानुदासला नुसता झोका पटेना. त्याला रवीचा घुर्र घुर्र आवाजच पाहिजे! मी दोन दिवस ओव्या गाऊन पाहिल्या. तो माझ्याहून वरच्या पट्टीत रडला. तिसऱ्या दिवशी मी डेऱ्यात विहिरीचं पाणी ओतलं आणि रवी लावली. पोर गाढ झोपलं, मी ज्वारी निवडायला मोकळी झाले.

आता आमच्याकडे ताक विकत नाहीत. ज्याच्या घरात रवी फिरली त्याच्या दाराशी गल्लीचे तांबे येतात, आणि आलेला तांब्या रिकामा लावणं म्हणजे त्या घरची अब्रू गेली. आवाज ऐकून पहिल्याच दिवशी शेजारच्या गयाकाकू तांब्या घेऊन हजर. आत्यांनी दारातच सांगितलं, आज लय कमी निघालं. दुसऱ्या दिवशी डेरा कलंडला म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मांजर पडलं! त्या उन्हाळ्यात आमच्या डेऱ्यात जेवढी मांजरं पडली तेवढी गावातसुद्धा नव्हती.

मी म्हटलं, "आत्या, सरळ सांगा की पाणी हाय म्हणून."

"आन् लोकांनी म्हणावं यांची सून पाणी घुसळती?" आत्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "खुळ्या घरची पोरगी कोण करील? कौसाचं जमायचं हाय अजून. चिक्कू म्हणू दे. चिक्कू चालतंय."

म्हणजे एक तर मी खुळी किंवा सगळं घर चिक्कू. आत्यांनी घर निवडलं. गल्लीनेही ते मनावर घेतलं. म्हैस आटली म्हणतात आणि रोज घुसळायलेत, अशी कुजबुज पाणवठ्यावर सुरू झाली. गयाकाकूंनी आमच्याकडे पाहणं सोडलं. जिंतूरकडचे पाहुणे कौसाला बघायला येणार, तेव्हा मी सतरंजी मागायला गेले तर कुणाची वाळत होती, कुणाची उंदरानं खाल्ली होती. शेवटी पाहुण्यांना घोंगडीवर बसवायचं ठरलं. कौसा कोपऱ्यात बसून मुसमुसत होती. मला तिचं फार वाईट वाटलं आणि गल्लीचा फार राग आला. स्वतःचा मात्र नाही आला, हे खरं सांगते.

पाहुणे आले. मुलाची आई आणि मामा. एसटीने फाट्याला उतरून भर उन्हात चालत आलेले, घामाने निथळत होते. कौसा पदर सावरून पुढे बसली आणि नेमका भानुदास उठला. असा रडला की मामांना मुलीचं नाव तीनदा विचारावं लागलं. आत्यांनी मला डोळ्यांनीच खुणावलं. मी आत गेले, रवी धरली. घुर्र घुर्र. पोर गप्प.

बाहेर मुलाच्या आईचा आवाज खुलला. "दुभतं हाय की घरी. उन्हाची आले बाई, गिलासभर ताक द्या."

एवढ्यात गयाकाकू तांब्या घेऊन दारात उभ्या! पाहुण्यांसमोर नाही म्हणायची यांची काय टाप, असा हिशेब करूनच आल्या होत्या. आत्या म्हणाल्या, "मांजर..."

माझं डोकं फिरलं. मी उठून दारात आले आणि म्हणाले, "ताक न्हाई. पाणी हाय. म्हैस आटली, पोरगं रवीबिगर झोपत न्हाई, मालक धरणावर, मला हात दोनच. म्हणून मी पाणी घुसळायले. खुळी म्हणायचं तर मला म्हणा, कौसाला न्हाई."

मुलाची आई उठली, सरळ आत आली. तिने डेऱ्यात पाहिलं, झोळीची दोरी पाहिली, गाठ चाचपली. मग रवीसमोर बसून तिने दोरी ओढली. पोर हललं, सुस्कारा टाकून झोपलं. बराच वेळ ती घुसळतच राहिली.

"माझ्या घरी दोन नातवंडं हायत," ती म्हणाली. "दोन्ही रडकी. तुमच्या पोरीला हे बांधता येतंय का?"

"येतंय की," मी म्हणाले. कौसाने त्या दोरीला कधी हात लावला नव्हता, पण हो म्हणताना मी डोळा लवू दिला नाही. सुपारी तिथेच फुटली. गयाकाकू डेऱ्यात वाकून पाहत होत्या. "इतके दिवस मी पाण्यावर रुसले व्हय?" म्हणत त्या घरी गेल्या आणि आपली सतरंजी घेऊन आल्या.

त्यानंतर गल्लीत ज्या ज्या घरी रडकं पोर होतं तिथे मी दोरी बांधून दिली. वैशाखात घरोघर पाणी घुसळणं सुरू झालं आणि मी गुरूसारखी गल्लीतून हिंडू लागले.

मृगाच्या सुमारास आमची म्हैस व्याली. चीक सरला, विरजण लागलं आणि मी पहिलं खरं ताक केलं. घट्ट, वर लोण्याचा गोळा. सकाळपासून तांब्यांची वाट पाहिली. एकही आला नाही. शेवटी मीच गयाकाकूंच्या दारात जाऊन म्हणाले, ताक झालंय, तांब्या घेऊन या.

काकू रवी ओढता ओढता मान वर न करता म्हणाल्या, "राहू दे बाई. पाणी आमच्याबी घरी हाय."