बोकड तार

आम्ही दोघी जावा माजलगावच्या मोंढ्यात तेलाच्या गिरणीत कामाला होतो. थोरल्या जाऊबाईचं आणि माझं पटत नव्हतं. ती मेली म्हणून आता गोड लिहीत नाही. ती जेवण वाढताना हात आखडायची आणि मी तिच्या माघारी तिला नावं ठेवायची. पण गिरणीत ड्रमवर आम्ही दोघीच होतो, ती भरायची, मी काढायची, त्यामुळं दिवसभर एकमेकींशी बोलल्याशिवाय भागत नसे.

करडई भरडून गरम केली की तेल चांगलं सुटतं. आधी ते काम लाकडाच्या भट्टीवर व्हायचं. तेलाला धुराचा वास लागतो म्हणून मालकानं हैदराबादेहून विजेवर तापणारा लोखंडी ड्रम आणला. निजामाच्या राज्यात आमच्या गावाला वीज कुठली? गिरणीच्या इंजिनाला डायनामो जोडला, त्याच्यावर थोडे दिवे आणि हा ड्रम. ड्रमच्या दुहेरी पत्र्याच्या मधे तारेची वेटोळी होती, ती लाल होईपर्यंत तापायची.

भिंतीवर एक लाकडी फळी होती. फळीवर तांब्याच्या पात्यांचा खटका आणि त्याला काळी मूठ. मूठ वर केली की वीज चालू, खाली ओढली की बंद. खटक्याखाली चिनी मातीच्या खोबणीत केसासारखी बारीक तार होती. तिला फ्यूज म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ड्रम बसवायला आलेला हैदराबादचा मिस्त्री इथंच राहिला होता. जाऊबाईनं त्याला विचारलं, ''मिस्त्री, एवढ्या मोठ्या मशीनला ही एवढीशी तार कावून लावली?''

तो म्हणाला, ''अम्मा, ये बकरा है. कुछ गडबड हुई तो पैले ये कटता. तुम बचते, मशीन बचती.'' आणि जाडी तार कधीच बांधायची नाही, असं त्यानं सगळ्यांना दोनदा बजावलं.

तेव्हापासून तार जळाली की बाया ओरडायच्या, ''बोकड मेला गं!'' नवी तार बांधेपर्यंत तेवढीच पाठ टेकायला मिळायची. जाऊबाई वर बघून म्हणायची, ''देवा, रोज एक बोकड मरू दे.'' मालक माळकरी. त्यांना तो शब्द खपत नसे.

''तोंड आवरा गं. गळ्यात तुळशीची माळ हाय माझ्या.''

''मग वांगं मेलं म्हणावं का, मालक?'' जाऊबाई म्हणाली. मालकही हसले.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा असते, म्हणून आदल्या दिवशी मालकानं सगळी गिरणी धुवायला लावली. सणाला गिरणी बंद असते म्हणून मिस्त्री गावी गेला होता. ड्रमवर तेलाचे आणि पेंडीचे थर बसले होते. आम्ही दोघींनी राखेनं घासून, बादल्या ओतून तो लख्ख केला. पत्र्याच्या फटींतून पाणी आत गेलं. वरून ड्रम वाळला, आतून वाळला नाही. कुणाला माहीत होतं? नांगर धुतात, विळा धुतात, तसा आम्ही ड्रम धुतला.

दुसऱ्या दिवशी फळीखाली पाट मांडला. पाटावर पाना, हातोडा, पोती फाडायचा विळा, सगळं हळदकुंकू लावून ठेवलं. नारळ फोडला. मग शकुन म्हणून ड्रममधून एवढं एक भरण काढायचं, त्याचं तेल देवाच्या दिव्यात घालायचं आणि घरी जायचं, असं ठरलं होतं.

मूठ वर केली आणि बोकड मेला. नवी तार बांधली, तीही जळाली. मग आणखी एक. बाया हसत होत्या. मालक हसत नव्हते.

थोरले दीर, म्हणजे जाऊबाईचा नवरा, गिरणीतच इंजिनावर कामाला होते. तार तेच बांधत होते.

''बारकी तार संपली, मालक.''

''मग जाडी बांध. सणादिवशी मशीन अडली तर वरीसभर अडंल.''

दिरांनी तेलाच्या डब्याची कडी सोडवली. करंगळीच्या निम्म्या जाडीची तार होती. मोठ्या दिरापुढं धाकट्या भावजयीनं बोलायचं नसतं, म्हणून मी पदर पुढं ओढून जाऊबाईला कोपरानं ढोसलं. ''तुमी तर सांगा की.''

ती म्हणाली, ''अवं, मिस्त्री जाडीला नको म्हणून गेलाय.''

दीर तिच्याकडं न बघता म्हणाले, ''मिस्त्री गावाला गेलाय. मालक हितं हाय.''

त्यांचं काही चुकलं असं तेव्हा मला वाटलं नाही. आमचं रान दोन साल पिकलं नव्हतं. गिरणीतून काढलं असतं तर आम्हाला दुसरीकडं काम नव्हतं, हे त्यांना माहीत होतं, तिलाही होतं.

खटक्याची मूठ ढिली झाली होती, सारखी खाली घसरायची. मालकानं पूजेतला लाल नाडा घेऊन ती वरच्या वर आवळून बांधली आणि वरून झेंडूचा हार घातला. इंजिनाचा आवाज जड झाला. पण तार जळाली नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

ड्रमला सवाष्णीनं कुंकू लावायचं राहिलं होतं. मालकीणबाई आल्या नव्हत्या. मालक जाऊबाईला म्हणाले, ''ये, तूच लाव. रोज तूच त्याचं पोट भरतीस.'' असा मान तिला कधी मिळाला नव्हता. तिनं पदर सारखा केला, माझ्याकडं बघून भुवई उडवली. पाय अनवाणी, खालची जमीन नारळाच्या पाण्यानं ओली. डाव्या हातानं ड्रमची कडी धरली आणि उजव्या हाताची ओल्या कुंकवाची बोटं पत्र्याला टेकवली.

ती ओरडली नाही. अंग ताठ झालं, मान मागं गेली, अंबाडा सुटला आणि ती थरथर कापायला लागली. नवमीचा दिवस, कपाळभर कुंकू, मोकळे केस. आम्हाला सगळ्यांना वाटलं तिच्या अंगात आलं.

''आई आली!'' कुणीतरी म्हणालं. बायांनी हात जोडले. एकीनं तिच्या पायावर हळद टाकली. ''उदं गं आई, उदं!'' मालकानं लांबूनच जमिनीला डोकं टेकवलं. मीही हात जोडले. मनात म्हणाले, हिच्याच अंगात बरी आली देवी. ती आमच्याकडं बघत होती. तिला बोलता येत नव्हतं आणि आम्ही तिच्या पाया पडत होतो.

मग जळल्याचा वास आला. कडीवरच्या हातातून धूर निघाला.

''वीज हाय ही! वीज!'' दीर ओरडले आणि मुठीला लोंबकळले. मूठ हलेना. नाडा पूजेतल्या पाण्यानं भिजून घट्ट झाला होता. ते दातांनी गाठ सोडवायला गेले, तर विजेचा झटका बसून मागं फेकले गेले. मी पाटावरचा विळा उचलला.

''पूजा हलवू नको! पूजलेलं हत्यार हाय ते!'' मालक म्हणाले.

मी विळ्याची लाकडी मूठ धरून नाडा कापला. दिरांनी उठून खटका खाली ओढला. जाऊबाई पडली. हात उघडेना, बोटं कडीच्या आकाराची झाली होती. गाडी जुंपली. दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही. वाटेत तिनं एकदा श्वास घेतला, तो माझ्या मांडीवर. मी तिला पाणी पाजायला गेले, ते गालावरून खाली आलं.

गावात बोलणं झालं ते असं, की देवी आली होती, धाकटीनं पूजा मोडली, म्हणून देवी थोरलीला घेऊन गेली. दीरही तेच म्हणाले. त्यांना तसं म्हणणं भाग होतं. नाहीतर डब्याची कडी कुणी बांधली हे रोज आठवावं लागलं असतं.

मिस्त्री परत आला. त्यानं ती जाडी तार उपटून काढली आणि उकिरड्यावर फेकली. कुणी बांधली ते विचारलं नाही. त्याचीही नोकरी होती. आतल्या ओलीतून वीज पत्र्यात उतरली होती, म्हणून त्यानं ड्रम उघडून वाळवला आणि मी त्याच ड्रमवर कामाला गेले. न जाऊन काय खायचं होतं? सकाळी पाटी उचलायच्या आधी मी फळीपाशी जाऊन तार बघायची. मालक म्हणायचे, ''बाईमाणसानं तिथं जायचं न्हाई.'' मी म्हणायची, ''हात लावत न्हाई. बघते.''

मिस्त्री आमची गिरणी सोडून गेल्यावर, एकदा भर हंगामात तार जळाली. मशीन थांबली. आधीसारखं कुणी ओरडलं नाही. दीर बारकी तार शोधत होते, मिळत नव्हती. मालक म्हणाले, ''गाड्या खोळंबल्यात. काय असंल ते बांध.''

दीर उभे राहिले. त्यांची नजर तेलाच्या डब्यांकडं गेली.

मी डोक्यावर पदर घेतला आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले. ''भावजी, बारकी नसंल तर मशीन बंद ऱ्हाऊ द्या.''

''ही बाई कावून बोलायली?'' मालक म्हणाले.

दिरांनी मूठ खाली ओढली आणि बाहेर निघून गेले. त्या दिवशी आम्ही दुपारीच घरी आलो. मी पीठ मळायला घेतलं. भाकऱ्या आता मलाच थापायच्या होत्या.