आमच्या टाकीतले जिवाणू

सातपूरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत सोसायटीचा सचिव झालो. दुसरं कुणी तयार नव्हतं, एवढंच. आमची साठ घरं. मागे नाला, तो पुढे गोदावरीला मिळतो. बिल्डरने सांडपाणी शुद्ध करायचा छोटा प्रकल्प बांधून दिला होता, पण तो बंद पडून टाकीभोवती गवत वाढलं होतं. सगळ्या घरांचं घाण पाणी तसंच नाल्यात जायचं. मला ते ठाऊक होतं.

एका सकाळी फाटकाशी पन्नाशीच्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. नाल्याच्या खालच्या अंगाला त्यांचा मळा. मेथी-कोथिंबीर काढून पंचवटीच्या बाजारात विकायच्या. त्यांनी मेथीची जुडी माझ्यासमोर धरली.

"भाऊ, नाल्यावर धुतली हाय. वास घ्या."

घेतला. मेथीचा वास नव्हताच.

"गिऱ्हाईक नाकाला लावतं अन् खाली ठेवतं. वरून काय सोडता तुम्ही?"

"ताई, महिनाभर द्या," एवढंच म्हणालो.

हवा मारायचा ब्लोअर उघडला. बेअरिंग जाम, पट्टा कुजलेला. जन्मभर हेच केलेलं, आठवड्यात यंत्र सुरू झालं. मैला खाणारे जिवाणू लागतात म्हणून दुसऱ्या एका प्रकल्पातला गाळ टँकरने आणून टाकीत सोडला. वाटलं, झालं काम. दहाव्या दिवशी अशी दुर्गंधी सुटली की तळमजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

"बंद होतं तेच बरं होतं," बैठकीत एकजण म्हणाला, आणि बऱ्याच माना हलल्या.

माझी भाची कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिला बोलावलं. तिने टाकीतलं पाणी बाटलीत भरून नेलं, तपासलं आणि दुसऱ्या दिवशी परत आली.

"मामा, यंत्र ठणठणीत आहे. जिवाणू मेलेत. घरातून काय ओतता तुम्ही लोक?"

दर रविवारी संडासात अ‍ॅसिडची अर्धी बाटली मीच ओतायचो. स्वच्छतेचा मोठा अभिमान मला! तिला सांगताना कानशिलं तापली. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

मग मी आणि बायको दारोदार फिरलो. प्रत्येक दारात आधी माझी चूक सांगायची, मग विनंती करायची. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी चिडल्या, "मग घासायचं कशाने?"

"साबणाने, ब्रशने, आणि थोडा हाताला जोर लावून," बायको म्हणाली. "यांनाच विचारा. आता आमच्याकडे हेच घासतात."

आजी अशा हसल्या की शेजारची दोन दारं उघडली. तिथलं काम आपोआप झालं.

पुन्हा गाळ आणला. या वेळी रोज सकाळी टाकीत डोकवायचो. पांढरा फेस हळूहळू तपकिरी झाला, वास ओल्या मातीसारखा येऊ लागला. महिन्याचे तीन महिने झाले होते. मी स्वतः मळ्यावर गेलो आणि ताईंना घेऊन आलो. त्यांनी बाहेर पडणारं पाणी ओंजळीत धरलं, नाकाशी नेलं, सोडून दिलं.

"चांगलं हाय. पण नाल्यात तुम्ही एकटेच हाय का? वरच्या सोसायटीचं काय?"

पालेभाजीला हे पाणी नको, असं भाचीने बजावलं होतं. ताईंनी ते झेंडूला घेतलं. नाला अजून काळाच होता, पण आमच्या पाइपाखाली हातभर जागेत तळाचे दगड दिसू लागले होते.

पुढच्या रविवारी ताई आणि मी वरच्या सोसायटीत गेलो. त्यांचाही प्रकल्प बंदच पडलेला. तिथले अध्यक्ष म्हणाले, "चालू केला तर वास येईल हो."

"येतो ना," ताई म्हणाल्या. "आज आमच्याकडं येतो. थोडे दिस तुम्ही घ्या, मंग कुणालाच नाय येणार."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तुम्ही कधी येऊन बघाल?"

"आताच. पाने-पक्कड गाडीत आहेत."

प्रकल्पाच्या खोलीची किल्ली काही सापडेना. शेवटी अध्यक्षांनीच हातोडी आणून कुलूप तोडलं.