वस्तीपर्यंत वायफाय

आमची वस्ती कळसच्या शिवारात आहे, पण गावापासून लांब, ओढ्याच्या अंगाला, खोलगटात. तिथं मोबाईलला रेंज नाही. विहिरीच्या वरच्या बांधावर उभं राहिलं की थोडी येते, पाठ फिरवली की जाते. इतकी वर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. बोलायचं असलं की बांधावर जायचं, मोठ्यानं बोलायचं आणि खाली यायचं. चालता येणाऱ्या माणसाला तेवढं पुरत होतं.

त्या हिवाळ्यात आईला चालता येईनासं झालं. अन्ननलिकेचा कॅन्सर. बारामतीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा, दुखणार नाही एवढं आपण बघू. मी बारामतीला शाळेत शिकवतो. रजा टाकली आणि वस्तीवर येऊन राहिलो. घरात आई, आबा आणि मी. धाकटी बहीण मस्कतला एका दवाखान्यात नर्स आहे. तिला काही कळवायचं नाही, असं आईनं आम्हाला बजावलं होतं. आबा बांधावर जाऊन तिला सांगायचे, "बरी हाय. जरा अशक्तपणा हाय, म्हणून वर आणली न्हाय."

"मग व्हिडिओवर दावा की."

"रेंज कुठं हाय, बाळा."

ती त्याच घरात वाढलेली, त्यामुळं तिला यावर काही बोलता यायचं नाही.

एकदा दुपारी आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली. ती तशीच म्हणाली, "पोरीचं तोंड बघावं वाटतंय."

त्या दिवसापासून मी वायफायच्या मागं लागलो. सगळ्यात जवळचं इंटरनेट होतं माझ्या चुलत्यांच्या घरी, गावाच्या कडेला. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. मधे एक किलोमीटरहून जास्त रान. मी आधी बारामतीहून भिंतीतल्या प्लगला लावायचं एक छोटं यंत्र आणलं, रेंज वाढवणारं. ते चुलत्यांच्या अंगणाच्या बाहेरसुद्धा पोचलं नसतं. दुकानदारानं ते परत घेतलं आणि म्हणाला, "सर, हे घरातल्या घरात चालतं. तुम्हाला दोन छोट्या डिश लागतील. एक तिकडं, एक इकडं, तोंडाला तोंड. मधे झाड नको, भिंत नको."

अवघड होतं ते तात्यांकडं जाणं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आबांचं आणि त्यांचं बिनसलं, त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांच्या दारात गेले नव्हते. मी गेलो तेव्हा तात्या ओसरीवर बसले होते. मी आईचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिले.

"वहिनीला खायला काय जातंय?"

"पातळ पेज. चमच्यानं."

"लाव डिश," ते म्हणाले. "गच्चीवर लाव. तुझ्या बापाला मला इचारायला लावू नको म्हंजे झालं."

गच्चीवरची डिश मीच बसवली. वस्तीवर जुना पाण्याचा पाइप उभा करून दुसरी त्याच्या टोकाला बांधली. आता दोन्ही तोंडं जुळवायची होती. मोबाईलवर सिग्नलचा आकडा दिसायचा, तो वाढेपर्यंत तिकडची डिश कणाकणानं फिरवायला हवी होती. ती फिरवायला गच्चीवर तात्या. त्यांना फोन करावा तर वस्तीवर रेंज नाही. म्हणून आबा शिडी लावून पत्र्यावर चढले आणि टॉवेल हातात घेतला. मी खालून सांगायचो, आबा टॉवेल डावीकडं नाहीतर उजवीकडं हलवायचे, आणि लांब गच्चीवर मुंगीएवढं दिसणारं माणूस डिशवर वाकायचं.

आबांनी डोळ्यांवर हात धरला. "त्योच हाय न्हवं तो?"

"व्हय."

मी म्हणालो, "अजून जरा डावीकडं," आणि त्यांनी टॉवेल डावीकडं हलवला. आकडा चढला. मी थांबा म्हणालो तरी आबा टॉवेल वर धरून थोडा वेळ उभे होते.

बहिणीला फोन लावायच्या आधी आईनं मला दार ओढून घ्यायला सांगितलं. उजेड तोंडावर नको होता. आबांनी तिचे उरलेले केस विंचरले. पाठीशी उशा लावल्या. तिनं पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीपर्यंत गुंडाळला आणि तो मुठीत धरून ठेवला.

पडद्यावर बहीण आली. आईनं विचारलं, "जेवलीस का?"

"जेवले. तू काय खाल्लंस?"

"भाकरी खाल्ली."

बहीण नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "आई, पदर सोड."

"थंडी वाजती गं."

"आई, मी रोज असली माणसं बघते. सोड."

आईनं सोडला नाही. पण मूठ आवळताना हात पुढं आला, आणि मनगट दिसलं. बहिणीला तेवढं पुरलं. तिनं मला फोन घेऊन बाहेर जायला सांगितलं.

"कशाचा हाय?"

मी सांगितलं. ती रडली नाही. कुठली औषधं, कुठलं इंजेक्शन, पाठीला जखमा झाल्यात का, सगळं एकामागून एक विचारलं. दवाखान्यातल्या परक्या नातेवाइकाशी बोलावं तशी ती माझ्याशी बोलत होती. शेवटी म्हणाली, "रजा मागते. लगेच न्हाय देणार." आणि फोन बंद केला.

मी आत आलो तेव्हा आई उशांवरून घसरून खाली आली होती. "आता तिला दावायचं न्हाय मला," ती म्हणाली. "तिनं बघितलं ते लई झालं."

तिथून माझी पंचाईत सुरू झाली. बहीण ड्यूटी संपली की फोन करायची, आई तोंड फिरवायची. बहीण म्हणायची, मला तिला बघायचंय. आई म्हणायची, बंद कर ते. दोघींचंही खरं होतं. वायफाय चांगलं चालत होतं आणि घरात त्याच्यामुळं रोज रडारड होती.

तोड आबांनी काढली. एक दिवस त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, खिडकीत तांब्याला टेकवून उभा केला आणि त्याचं तोंड बाहेर केलं, अंगणाकडं. आतल्या खाटेपासून हातभर अंतर. "हितनं बघ," ते बहिणीला म्हणाले. "आईचं ऐकू येतंय का?"

"येतंय."

आतून आई म्हणाली, "म्हशीला पाणी दावलंय का बघ गं."

मस्कतहून बहीण म्हणाली, "आबा, बादली पालथी हाय."

मग रोज तसंच. बहिणीला आमचं अंगण दिसायचं, गोठा, दावणीची म्हैस, येणारेजाणारे आबा. आई दिसायची नाही, तिचा आवाज यायचा. हळूहळू आवाजही कमी झाला आणि नुसता श्वास राहिला. बहीण तो ऐकत बसायची. मधेच सांगायची, "दादा, घशात अडकलंय, कुशीवर कर तिला." मी करायचो, आणि श्वास मोकळा व्हायचा. मी शेजारी बसून जे ऐकत नव्हतो ते ती तिथून ऐकायची. उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी ती म्हणाली, "आता फार दिवस न्हाईत. रजा मिळो न मिळो, मी तिकीट काढते."

दोन दिवसांनी संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं. घरावरचे दोन पत्रे उडाले, पाइप मुळातून वाकला आणि डिश गोठ्यात पडली. लाईट गेली. टॉवरही बंद पडला असावा, कारण बांधावरसुद्धा रेंज येईना.

सकाळी मी पाइप सरळ करत होतो तर तात्या चालत आले. खांद्यावर तारेचं वेटोळं होतं. त्यांच्या गच्चीवरून आमची डिश दिसेना म्हणून आले होते. आबा आत आईजवळ होते. तात्या दारात गेले नाहीत, सरळ माझ्याकडं आले आणि पाइपला हात लावला. आम्ही दोघांनी तो उभा केला, तीन बाजूंनी तारा ताणल्या. डिश पहिल्याच खुणेवर तोंड करून पुन्हा बांधून मी शिडीवरून उतरत होतो तेव्हा आबा बाहेर आले. ते आमच्या दोघांच्याही मधे कुठंतरी बघत होते.

"गेली," ते म्हणाले.

तात्यांच्या हातातली पक्कड खाली पडली.

आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं जमली. दुपारच्या सुमारास लाईट आली. कुणाच्या ध्यानात नव्हतं, पण खिडकीत फोन तसाच उभा होता, आणि तो वाजायला लागला. आबांनीच जाऊन बोट लावलं. बहिणीला अंगण दिसलं. बायका बसलेल्या होत्या, पण तिची नजर पहिल्यांदा तात्यांवर गेली. आमच्या दारात त्यांना तिनं लहानपणानंतर बघितलं नव्हतं.

"तात्या," ती म्हणाली, "तुमी हितं कसं?"

तात्यांनी तोंड फिरवलं. आणखी कुणाला काही सांगावं लागलं नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "दादा, फोन आत फिरव."

मी आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "तिनं न्हाय म्हणलंय." मी फोनला हात लावला नाही. बहिणीनं पुन्हा विचारलं नाही, पण फोन बंदही केला नाही. आंघोळ घालायला आईला अंगणातच आणावं लागणार होतं. तशी आणली. बायकांनी साड्यांचा आडोसा धरला. नंतर मळवट भरला, तोंड उघडं ठेवलं. एवढं सगळं खिडकीतून बहिणीला दिसत होतं. आम्ही आईला उचलून निघालो तेव्हाही फोन चालूच होता.

राख सावडून झाल्यावर ती पोचली. तेराव्यापर्यंत राहिली. आल्यावर तिनं आईचं अंथरूण, औषधं, सगळं स्वतः आवरलं. मला एकदाच म्हणाली, "तू वायफाय लावलं नसतंस तर मला सगळं एकदमच, एका फोनवर कळलं असतं." त्यात राग होता की आणखी काही, मला ओळखता आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

ती परत गेली. मीही शाळेत रुजू झालो. शनिवारी-रविवारी वस्तीवर जातो. तात्या कधीमधी येऊन बसतात. दोघं भाऊ फारसं बोलत नाहीत, पण बसतात. बहिणीचा फोन येतो. मी आबांना हाक मारतो, तर ते गोठ्यातून म्हणतात, "तू बोल. मी बरा हाय म्हणावं."

एकदा मी म्हणालो, "आबा, ती तुमच्यासाठीच फोन करती."

ते वैरण टाकत होते. "बोलती कुठं ती," ते म्हणाले. "नुसतं तोंड न्याहाळती माझं. माझ्यात काय झालंय का ते बघती."