सर्व्हरला मी शिकवलं

चहा आधी खाली ठेवा, सांडेल. माझ्या हुशारीचा असा एक प्रताप सांगतो की बायको अजून तोंडाला पदर लावते.

लातूरच्या आमच्या कॉलेजात मेल-सर्व्हर मी सांभाळतो. मध्यंतरी फालतू मेलचा असा पूर आला, विचारू नका! परदेशी लॉटरी, टकलावर केस उगवणारं तेल, बिनव्याजी कर्ज. प्राचार्यांना तर दिवसाआड कुठली तरी राजकन्या मागणी घालायची.

मग मी नवा फिल्टर बसवला. स्वतः शिकणारा! सगळ्या स्टाफला बोलावून सांगितलं, "जी मेल नको वाटेल तिच्यावर 'कचरा' बटण दाबा. सर्व्हर बघतो, शिकतो, आणि पुढच्या वेळी तसली मेल दारातूनच हाकलतो."

"कुणाची बी असली तरी?" गणिताच्या शेखसरांनी विचारलं.

"कुणाचीही! भीडभाड ठेवायची नाही."

थोड्याच दिवसांत राजकन्या गायब! माझी कॉलर अशी ताठ, की मान वळेना.

मी त्याच तोऱ्यात असताना नव्या घराची वास्तुशांत आली. बायको म्हणाली, "स्टाफच्या घरोघरी जाऊन अक्षता देऊन या."

मी? अख्खा सर्व्हर ज्याच्या मुठीत, तो अक्षता वाटत फिरणार? रोजच्या सुप्रभातच्या मेलमधले गुलाब घेतले, मधोमध लुकलुकता दिवा टाकला, पत्रिका केली आणि एका झटक्यात सगळ्यांना मेल!

वास्तुशांतीला मुदखेडहून सासरची मंडळी आली. बुंदीचा डोंगर, वांग्याच्या भाजीचं पातेलं तर एवढं, की म्हैस डुंबावी! आणि कॉलेजातून? चिटपाखरू नाही. सासरे पंगतीकडे बघून हळूच म्हणाले, "जावईबापू, कॉलेजात नोकरीला आहात ना नक्की?"

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी शिरलो, की सगळे वर्तमानपत्रात शिरले. जळतात मेले घरावर! मीही चहा घेतला नाही. मग शेखसरच बोलले, "मुबारक हो सर. घर लई झकास झालं म्हणे. रस्त्यावरून बघितलं आमी."

"रस्त्यावरून का? आत यायचं की! मेल केली होती."

"कवा? सगळे रोज वाट बघून राहिलो होतो. बोलावल्याबिगर कसं यावं? आमाला बी इज्जत हाय."

आता मला राहवेना. मेल गेली तर गेली कुठं? जमिनीनं गिळली? धावत जाऊन सर्व्हर उघडला. शेखसर मागोमाग.

पत्रिका कचऱ्याच्या पेटीत होती. दिवा लुकलुकतच होता बिचारा. पण ती एकटी नव्हती. तिच्याखाली गुलाब, सूर्योदय, सुविचार, पुन्हा गुलाब... सगळ्या माझ्याच मेल! मी रोज सकाळी अख्ख्या स्टाफला पाठवतो त्या. लॉटरीवाल्यांबद्दल तरी फिल्टरला थोडी शंका होती; माझ्याबद्दल त्याची पक्की खात्री पटली होती.

"शेखसर, तुम्हीसुद्धा बटण दाबलंत?"

"प्राचार्यांनी बी दाबलं. तुमीच म्हणाले ना, भीडभाड न्हाई ठेवायची."

मी गुमान म्हटलं, "चूक झाली. आज संध्याकाळी सगळ्यांनी जेवायला या. तेवढं माझं नाव फिल्टरमधून काढतो."

शेखसरांनी झटकन माझा हात धरला. "दावत कबूल हाय सर. प्राचार्यांना बी घेऊन येतो. पण त्या फिल्टरला हात लावू नका!"

नाही लावला. रोज सकाळी सुविचार मात्र पाठवतोच. फिल्टर चालू आहे का, ते तपासायला! अजून एकही पोचलेला नाही. असं पक्कं काम अख्ख्या लातूर जिल्ह्यात कुणी करून दाखवावं!