न उमटलेली खूण

समोरच्या गॅलरीत मंगलवहिनी कपडे वाळत घालतात. हल्ली त्या मध्येच थांबतात, बाही वर सारतात आणि उन्हात डावा दंड न्याहाळतात. दंडावर काहीच नसतं.

त्यांच्या यजमानांना टीबी झालाय, औषधं चालू आहेत. मोठ्या इस्पितळात टीबीच्या नव्या बूस्टर लशीची चाचणी सुरू आहे, तिथे वहिनींनी नाव दिलं. तान्हेपणी टोचलेल्या लशीचा जोर मोठेपणी ओसरतो. तो पुन्हा वाढवता येतो का, ते पाहायचंय.

"आमच्या बाळाचा दंड लस टोचल्यावर कसा छान पिकला होता," आज त्या म्हणाल्या. "मला साधी पुळीसुद्धा नाही."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"ही लस पिकतच नाही म्हणे. शिवाय काहींना तुलनेसाठी नुसतं पाणीच टोचलंय. कुणाला काय, ते टोचणाऱ्यांनाही ठाऊक नाही."

"मग घेतलीत कशाला?"

"कुणाच्या तरी दंडावर आधी बघायलाच हवं ना!"

पिकलं म्हणजे लस लागली, हे आपल्याकडे आयाबायांनी कधीच ठरवून टाकलंय. जखम दिसल्याशिवाय राखणीवर आपला विश्वासच बसत नाही. पण गंजलेलं कुलूपही दाराला लटकलेलंच दिसतं.

आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. वहिनींनी घाईने बाही खाली ओढली, हातातला ओला टॉवेल कठड्यावर टाकला आणि त्या आत गेल्या.

माझा हात नकळत माझ्या दंडावर गेला. लहानपणच्या लशीची खूण जागेवर होती. मी ती दाबून पाहिली, कुलूप ओढून पाहावं तशी.