कात्रजच्या डोंगरावरचा नैवेद्य

मार्गशीर्षातली संकष्टी, रविवार. पहाटे मी तळणीचे मोदक करत होते. नैवेद्य रात्री चंद्रोदयाला, पण दिवसभर कात्रजपासून सिंहगडाच्या दिशेने डोंगर तुडवून आल्यावर कढईपुढे उभं कोण राहणार? म्हणून सकाळीच उरकले. आणि परतायला उशीर झालाच तर वाटेत चंद्र दिसेल तिथे नैवेद्य दाखवू, म्हणून डबाही बरोबर घ्यायचं ठरवलं.

डोंगरांचा बेत आमच्या मुक्ताचा. ती नोकरीला लागल्यापासून सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघांना घरात बसू देत नाही. आमच्या ह्यांना मधुमेह आहे. गेल्या वर्षी हे बँकेच्या रांगेत चक्कर येऊन पडले, तेव्हापासून माझ्या पूजेतला जीव गेला होता. देवावर राग नव्हता, पण भरवसाही उरला नव्हता. उपास मात्र चालू होते, बंद करायचं राहून गेलेल्या वर्तमानपत्रासारखे. नियमही तसेच चालू. पूजा झाल्याशिवाय घरात कुणी खायचं नाही. हे गोळी घेऊन माझी घंटा वाजायची वाट बघत बसायचे. त्या संकष्टीच्या सकाळीही गोळी झाली, पूजा लांबली आणि ह्यांनी घाईघाईत दोन घास पोहे खाल्ले.

नैवेद्याला दुसऱ्या अन्नाचा स्पर्श नको म्हणून मी दोन पिशव्या भरल्या होत्या, एकाच जुन्या साडीच्या शिवलेल्या. एकीत मोदक, दुसरीत पराठे आणि ह्यांची ग्लुकोजची पुडी.

स्वारगेटहून बसने कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी उतरलो. हवा छान होती, गवत पिवळं पडलं होतं. एक टेकडी उतरावी तर दुसरी पुढे उभीच.

“सिंहगड मागे मागे सरकतोय,” हे म्हणाले.

“तो सरकू दे. तुम्ही पुढे सरका,” मी म्हणाले.

दुपारी एका झुडपाच्या सावलीत बसलो. मुक्ताने माझ्या सॅकमध्ये हात घातला. “आई, एकच पिशवी आहे. आणि हिच्यात मोदक आहेत.”

“दुसरी?”

“ओट्यावर असेल. आपला ओटा आज पराठे खाणार.”

तिला हसू आवरेना. हेही हसले आणि हसता हसता थांबले. कपाळावर घाम आला. बुटाची सुटलेली नाडी बांधायला वाकले, तर बोटांना नाडी सापडेना. साखर उतरली होती. असं झालं की लगेच गोड द्या, हे डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं. मी डबा उघडला. तर माझा हात अडवून हे म्हणाले, “अगं, नैवेद्य आहे तो. आधी दाखव.”

आणि माझा हात खरंच थांबला.

“अहो, मुहूर्त बघताय का? भरवा आधी!”

समोरच्या उतारावरून एक आजी ओरडतच येत होत्या. सुती साडी, पायात खेळाचे बूट, हातात काठी. मी मोदक फोडला आणि सारण ह्यांच्या तोंडात घातलं. “हं, चावा,” आजींनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. त्यांच्या बाटलीत ग्लुकोजचं पाणी होतं, तेही घोटघोट पाजलं. हळूहळू ह्यांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि पहिलं वाक्य आलं, “खोबरं जरा जास्त भाजलंयस.”

मुक्ता हसत होती आणि डोळे पुसत होती.

मी आजींना म्हणाले, “देवाला दाखवायचे राहिले हो.”

“मग आत्ता कुणाला दाखवलेत?” असं म्हणून त्या काठी टेकत पुढच्या चढाला लागल्या. नाव विचारायचंही सुचलं नाही.

सिंहगडाचा हट्ट आम्ही तिथेच सोडला. उरलेले मोदक बापलेकींनी संपवले. ह्यांना पूर्ण बरं वाटल्यावर जवळच्या वाटेने सावकाश गावात उतरलो आणि टेंपोत बसून परत आलो. रात्री चंद्र उगवला तेव्हा देवापुढे ठेवायला घरात गुळाचा खडा होता. तोच ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा काही मागावंसं वाटलं नाही.

दुसरी पिशवी ओट्यावर राहिली नसती तर ही वेळच आली नसती, एवढं मलाही कळतं. आजी नेमक्या तेव्हाच कशा आल्या, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. रविवारी त्या वाटेला माणसं असतात. पण ज्याला इतकी वर्षं नुसतं ताट दाखवत होते, त्याला त्या दुपारी मी माझ्या हाताने भरवलं, असं मला वाटतं. माझे नियम मी सोडले नाहीत. त्यांच्या आधी कुणाला ठेवायचं, तेवढं समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी गोळी घेतली. मी पोहे करून आधी त्यांच्यापुढे ठेवले आणि मग पूजेला बसले. घंटा वाजवत होते, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “मीठ कमी आहे गं!”

घंटा खाली ठेवली, आणि आधी मीठ नेऊन दिलं.