मुद्देमाल खोलीतली देवी

त्या वर्षीची खंडेनवमी माझ्या मनातून अजून गेलेली नाही. चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. एका प्रामाणिक हवालदाराविरुद्ध मी कागदावर एक वाक्य लिहिलं. ते खोटं आहे हे त्याच दिवशी कळलं, तरीही मी ते मागे घेतलं नाही. पुढे नोकरीत पदकं मिळाली, सत्कार झाले. पन्नाशीनंतर स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा लोकांनी कारणं विचारली. मी तब्येतीचं सांगितलं.

निपाणी आणि चिकोडीच्या मधल्या एका ठाण्यात फौजदार म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. चार्ज घ्यायच्या आधी रायटरनं हातात नारळ दिला. रायटर म्हणजे ठाण्याचं लिखाण सांभाळणारा पोलीस. म्हणाला, "साहेब, आधी देवीला. इथं नवीन साहेब पहिल्यांदा तिच्याम्होरं वाकतोय, मग खुर्चीवर बसतोय."

देवी होती मुद्देमाल खोलीत. जप्त केलेल्या कोयत्या, दारूचे कॅन, चोरीच्या सायकली यांच्या मागे एका फळीवर लोखंडी पेटी होती. पेटीला सरकारी लाखेचं सील होतं आणि सीलवर हळदीकुंकवाचा थर. आत एका देवीचा पितळी मुखवटा होता. जवळच्या एका गावात देवीच्या मानावरून दोन भावकींत मारामारी झाली, तेव्हा तो जप्त केलेला. फौजदारी खटल्यातून दोन्हीकडचे सुटले. मुखवटा कुणाचा, हा दिवाणी दावा मात्र वर्षानुवर्षं पडून राहिला. गावाला देवी मिळाली नाही आणि ठाण्याला फुकटात मिळाली. दर शुक्रवारी सीलबंद पेटीला हार घालून आरती व्हायची. खंडेनवमीला तेवढी पेटी उघडून मुखवटा बंदुकांबरोबर पूजेला मांडायचे. पोरं गमतीनं म्हणत, "सगळ्या आरोपींना जामीन मिळाला, हिलाच मिळंना."

त्या पेटीवर मुद्देमाल क्रमांकाची चिठ्ठी होती. मी ती वाचली नाही. नारळ फोडला, हात जोडले. पुढच्याच महिन्यात आरती मोठी केली. फिर्याद द्यायला आलेल्या माणसाला आरतीसाठी थांबवायचो, चपला काढायला लावायचो. आपण ठाण्याला शिस्त लावतो आहोत असं मला वाटायचं.

मुद्देमालाच्या चाव्या एका मुसलमान हवालदाराकडे होत्या. पन्नाशीच्या पुढचा, कमी बोलणारा, अक्षर मोत्यासारखं. त्याचं नाव सहायक उपनिरीक्षकाच्या बढतीसाठी गेलेलं होतं. निवृत्तीआधी खांद्यावर एक तारा यावा, एवढीच त्याची इच्छा, आणि ती ठाण्यात सगळ्यांना माहीत होती. आरतीच्या वेळी तो दारात उभा राहायचा. हात जोडायचा नाही, आत यायचा नाही, निघूनही जायचा नाही. मी ते मनात टिपून ठेवलं.

नवरात्रातल्या पाचव्या माळेला रायटर माझ्या खोलीत आला आणि दार लोटून घेतलं. झाडताना पेटी सरकवली तर ती हलकी लागली म्हणाला. सीलची लाखही नवी दिसत होती. "सील हवालदारापाशीच असतंय साहेब," एवढं बोलून तो थांबला. पुढचं त्यानं माझ्यावर सोडलं.

हवालदार कोर्टात गेला असताना दुसऱ्या चावीनं मी खोली उघडली आणि सील फोडून पेटी पाहिली. आत फक्त एक लाल फडकं होतं.

नियमानं मी लगेच पंचनामा करायला हवा होता, त्या माणसाला बोलावून विचारायला हवं होतं. मी तसं केलं नाही. मला तो रंगेहाथ पाहिजे होता. हवालदाराच्या कपाटातलं सील काढून नवी लाख लावली, पेटी होती तशी ठेवली आणि साध्या कपड्यातले दोन पोलीस त्याच्या घरासमोर बसवले. आपल्याच हवालदाराच्या दारात आपण पहारा बसवतोय याची लाज मला तेव्हा वाटली नाही. त्याचं सगळंच मला संशयाचं दिसायला लागलं. फोनवर हळू बोलला, की कुणाशी बोलतो? नमाजाला गेला, की कुणाला भेटतो? चहा नको म्हणाला, की मनात काय आहे? रोज येऊन रायटर त्यात भर घालायचा. एकदा म्हणाला, "आरतीला दारातच का थांबतोय, कधी विचार केलाय काय साहेब?"

आठव्या माळेला पहाऱ्यावरच्या पोलिसांनी सांगितलं की एक बाई डोक्यावर टोपली घेऊन हवालदाराच्या घराकडे आली होती. यांना बघून ती गल्लीच्या तोंडातूनच मागे फिरली. ओळखू आली नाही. ती माल घ्यायला आली होती, असं मी ठरवून टाकलं.

खंडेनवमीच्या सकाळी ठाण्यात धुवाधुवी चालली होती. जीपला केळीचे खुंट बांधले होते, बंदुका तेल लावून ओळीनं मांडल्या होत्या, कापायला कोहळा आणून ठेवला होता. आणि फाटकाबाहेर माणसं जमायला लागली. पन्नास, मग शंभर. ठाण्यातली देवी नाहीशी झाल्याची बातमी बाहेर गेली होती. कुणी नेली असेल, तेही लोकांनी आपापसांत ठरवून ठेवलं होतं. मराठीत आणि कन्नडमध्ये घोषणा सुरू झाल्या. दोन पुढारी आत आले आणि बसायला नको म्हणाले. पूजा बारा वाजता असते, तोवर देवी दिसली नाही तर बाजार बंद करू, पुढं काय होईल त्याला आम्ही जबाबदार नाही, असं सांगून गेले.

मी हवालदाराला खोलीत घेतलं. त्यानं सलाम केला. मी त्याला बसायला सांगितलं नाही.

मुखवटा कुठं आहे, असं विचारलं. त्यानं नाकारलं नाही. खाली बघून म्हणाला, "साहेब, काल यायला पायजे हुता. पहारा बघून माघारी गेला. आजच्या दिसात जाग्यावर येतोय. तेवढं कुणाकडं हाय ते विचारू नका."

"कुणाला विकलास?"

त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"देवी ठाण्यात आहे याची तुला अडचण होत होती काय?" मी म्हणालो. "आरतीला कधी हात जोडलेले बघितले नाहीत मी तुला."

तेव्हा मात्र तो बोलला. आवाज चढला नव्हता. "खोली उघडी असंपर्यंत चावीवाल्यानं दार सोडायचं न्हाय, असा रूल हाय साहेब. आरती हुईपर्यंत खोली उघडीच असती. म्हणून दारात थांबतोय."

नियम खरा होता. मीच तो विसरलो होतो. पण त्या क्षणी मला तो उद्धटपणा वाटला. गुन्हेगार फार बोलतो आणि गप्प बसणारा माणूस बहुधा दुसऱ्या कुणाला तरी झाकत असतो, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. एखाद्या भुरट्या चोराला पकडलं असतं तर मला ते आठवलं असतं.

त्याला खोलीतच उभं ठेवलं आणि चिकोडीला डीवायएसपी साहेबांसाठी गोपनीय अहवाल लिहिला. मुद्देमाल गहाळ, चाव्या आणि सील सदर हवालदाराच्या ताब्यात, तो चौकशीत सहकार्य करत नाही. एवढं खरं होतं. त्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली: 'सदर कृत्य धार्मिक द्वेषातून केल्याचे दिसते.' दिसत काहीच नव्हतं. एका पोलिसाच्या हाती अहवाल मोटारसायकलवरून पाठवून दिला. बाहेर जमाव होता, आपण आधीच लिहून कळवलं होतं हे दाखवायला कागद हवा, हाही हिशेब त्यात होता.

अकराच्या सुमारास गर्दीतून एक म्हातारी आत आली. डोक्यावर टोपली, वर धडपा झाकलेला. सणाचा दिवस, नैवेद्य घेऊन आली असेल म्हणून फाटकावर कुणी अडवलं नाही. मागं तिची सून होती, आदल्या दिवशी माघारी फिरलेली. म्हातारी थेट माझ्या खोलीत आली, टोपली टेबलावर ठेवली आणि धडपा बाजूला केला. तुळशीच्या पानांत मुखवटा होता.

"ह्या माणसाला काय म्हणू नगा साहेब," ती म्हणाली. "देवी माझ्यापशी हुती. माझ्या घटावर."

मग सगळं कळलं. तिच्या घराकडे देवीच्या घटाचा मान होता. देवी ठाण्यात गेल्यापासून तिचा घट रिकामाच बसायचा. नवरा त्याच खंतीनं गेला. चार वर्षांपूर्वी तिनं हवालदाराचे पाय धरले होते. तेव्हापासून घटस्थापनेला तो मुखवटा तिला द्यायचा आणि आठव्या माळेला ती परत करायची. माजघरात पडद्याआड घट बसायचा. सुनेशिवाय कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या भावकीला कळलं असतं तर पुन्हा डोकी फुटली असती. म्हणून तो माझ्यापुढे गप्प बसला होता.

"मुद्देमाल बाहेर दिलास. नोकरी जाते याची कल्पना होती ना?" मी विचारलं. आवाज आधीचा राहिला नव्हता.

"व्हय साहेब. चूक हाय ती." तो म्हणाला. "पण मी तिच्याच गावचा. मोहरमला आमचं पीर बसत्यात. तिच्या घरचा मलिदा आल्याबिगर पिराचे पंजे मिरवणुकीला उठत न्हाईत, माझ्या आज्ज्यापासनं असंच हाय. सासऱ्यानं आणला, नवऱ्यानं आणला, आता ही आणतीया. आणि तिची देवी मी कुलपात ठेवून चावी खिशात घालून हिंडू?"

म्हातारी त्याला म्हणाली, "काल तुझ्या दारात पोलीस बघून सून माघारी आली, तवाच म्या म्हटलं, भाऊ अडकला आपला."

मी मुखवटा बाहेर नेऊन बंदुकांपुढे ठेवला. देवी उजळायला दिली होती असं पुढाऱ्यांना सांगितलं. लोकांनी जयजयकार केला, कोहळा फुटला, पेढे वाटले. म्हातारी मागच्या दारानं गेली. ती खरोखर हुशारीनं वागली, आणि मीही त्या वेळी हुशारीनंच वागलो असं समजत होतो.

दुपारी डीवायएसपी साहेबांचा फोन आला. वस्तू मिळाली ना, मग आता वाढवू नका, म्हणाले. दुसरा अहवाल पाठवून मी ती ओळ मागे घेऊ शकत होतो. पण मग मुद्देमाल कुठं होता, किती दिवस होता, तेव्हा ठाणं कुणाच्या ताब्यात होतं, हे सगळं लिहावं लागलं असतं. म्हातारीचं नाव निघेल, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण माझी नोकरी होती.

महिन्याभरात हवालदाराची बदली खानापूरच्या पलीकडे जंगलातल्या एका औटपोस्टला झाली. जाताना त्यानं मुद्देमालाची यादी वस्तूनिशी मोजून दिली, माझी सही घेतली, सलाम केला. बढतीची यादी लागली तेव्हा तिच्यात त्याचं नाव नव्हतं. तो हवालदार म्हणूनच निवृत्त झाला. मी चौकशी केली नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षी कचेरीत एक जुनी फाईल शोधताना त्याची फाईल हाती आली. बढती नाकारण्याचं कारण म्हणून माझी ती ओळ जशीच्या तशी उतरवलेली होती.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते साधं आहे. ठाण्यात देवी आली ती मुद्देमाल म्हणून. तिचा क्रमांक विसरून आम्ही तिला ठाण्याची देवी केलं आणि त्या दिवसापासून ठाण्यातल्या प्रत्येक माणसाची दोन भागांत वाटणी झाली: हात जोडणारे आणि न जोडणारे. वाटणी झाल्यावर संशय कुणावर घ्यायचा याचा विचारच करावा लागत नाही. माझी भक्ती खोटी नव्हती. पण ती घरातली गोष्ट होती. वर्दी घालून मी ती केली आणि समोरच्याची भक्ती मोजायला लागलो. देवीला तिच्या घटावर नेऊन बसवणारा एकटा तोच होता, आणि द्वेषाचा शिक्का मी त्याच्यावरच मारला.

एसपी कचेरीला मी सविस्तर पत्र लिहिलं: ती ओळ पुराव्याशिवाय लिहिली होती, ती खोटी होती. निवृत्त माणसाच्या जुन्या नोंदी बदलता येत नाहीत, असं उत्तर आलं. ते उत्तर आणि माझ्या पत्राची प्रत घेऊन मी निपाणीला त्याच्या घरी गेलो.

तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मला ओळखलं, उठला, आत बसवलं. मी कागद पुढे केले. चष्मा लावून त्यानं ते शेवटपर्यंत वाचले आणि घडी घालून परत दिले.

"हे मला देऊन काय उपयोग साहेब? मी काय केलं ते मला म्हाईतच हाय," तो म्हणाला. "माझ्या पोराला कामावर म्हणत्यात, तुझ्या बापानं देवी चोरली हुती. व्याह्यांनी सोयरीक करताना दोनदा विचारलं. त्यास्नी सांगा."

त्यानं हाक मारली. मुलगा तंबाखूच्या वखारीतून नुकताच आला होता, तो आला. सून दारापाशी उभी राहिली. शेजारच्या गल्लीतून व्याही आले, त्यांच्याबरोबर आणखी दोघं. कुणी बसलं नाही. मुलगा माझ्याकडे सरळ बघत होता.

मी उठून उभा राहिलो.

"मी यांचा साहेब होतो," मी म्हणालो. "यांनी चोरी केली नाही. देवी ज्यांची होती त्यांच्याकडे नेऊन दिली आणि त्यांचं नाव सांगितलं नाही. यांच्या मनात द्वेष होता असं मी लिहिलं. तो माझ्या मनात होता. खरं कळल्यावरही मी गप्प बसलो आणि यांचा तारा घालवला." मग मी त्याच्याकडे वळलो. त्या दिवशी खोलीत मी त्याला बसायलासुद्धा सांगितलं नव्हतं, अरे-तुरे केलं होतं. "हवालदारसाहेब, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा."